विसाव्याचा कंट्रोलर

माझा मोठा भाऊ गुलाबराव दर रविवारी विश्रांती घ्यायचा. ती त्याने एकदा घ्यायला सुरुवात केली, की घरातल्या दुसऱ्या कुणाला टेकायलाही सवड मिळत नसे.

चिखलीच्या स्टँडवर ज्यांनी कधी बुलढाण्याची किंवा मेहकरची गाडी पकडली असेल, त्यांनी दादाचा आवाज ऐकला आहे. एसटीत आधी कंडक्टर आणि मग कंट्रोलर म्हणून त्याने अख्खं आयुष्य काढलं. जाळीच्या खिडकीमागे बसायचं, समोर माइक ठेवायचा आणि कोणती गाडी कुठे लागली ते साऱ्या गावाला सांगायचं. निवृत्त झाला तेव्हा त्याला शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि आवाज मात्र तो घरी घेऊन आला. सकाळी अंघोळीला जाताना तो तसं जाहीर करी. भाकरी व्हायला वेळ लागला तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उशिराचं कारण विचारी. माझ्या वहिनीला, म्हणजे कलाबाईला, याची सवय झाली होती. मला झाली नाही. मी त्याची धाकटी बहीण जनका, सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेली, त्यांच्याच अंगणातल्या मागच्या दोन खोल्यांत राहते. आवाज भिंतीतून येतो.

आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती. आमची आजी मिशनच्या बंगल्यावर एका गोऱ्या मडमबाईकडे कामाला होती. प्रभूच्या दिवशी चूल पेटवायची नाही, अशी मडमबाईची शिस्त. ती आजीने घरी आणली, आजीकडून बाबांकडे आली आणि बाबांकडून दादाकडे. आमचे पाळकसाहेबही कितीदा म्हणाले की गुलाबराव, तसं काही बंधन नाही. पण दादाला वेळापत्रकात बदल चालत नाही. माझं म्हणणं एवढंच होतं, की मडमबाईच्या घरी चूल बंद ठेवायला वेगळा माणूस होता. आमच्या घरी चूल बंद ठेवायचं कामसुद्धा कलावहिनीलाच करावं लागे. शनिवारी ती दोन दिवसांचा स्वयंपाक करायची. रविवारी टिकाव्यात म्हणून परातभर पुऱ्या तळायची, बटाट्याची कोरडी भाजी करायची आणि आम्ही सगळे रविवारी ते गार गार खाऊन देवाचे आभार मानायचो.

बरं, आम्ही म्हणजे घरचेच नाही. एकट्याने विसावा घेणं दादाला स्वार्थीपणाचं वाटे. उपासना सुटली की तो चर्चच्या दारात उभा राहून दोन-तीन कुटुंबांना घरी आराम करायला बोलावी. आराम कसा करायचा याचेही नियम होते. टीव्ही नाही, मोबाइल नाही, सोयाबीनच्या भावावर बोलायचं नाही. आधी गाणी, मग शास्त्रातले प्रश्न-उत्तरं, मग थोडा वेळ मौन. मौन म्हणजे काय आणि त्याचे फायदे कोणते, हे दादा मौन संपेपर्यंत समजावून सांगत असे. लोक संध्याकाळी घरी जायला निघाले की त्यांच्या चालण्यात एक वेगळाच उत्साह दिसायचा.

आणि वहिनी त्यांची ताटं घासायची. पाण्याला नियम नव्हता.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी पुऱ्यांचं पीठ मळता मळता वहिनीला चक्कर आली आणि ती परातीतच कलली. मी धावत गेले तेव्हा तिचं अर्धं तोंड पांढरं होतं. मी घाबरले, मग कळलं की ते पीठ आहे. पण बीपी घेतलं तेव्हा खरोखरच घाबरले. दादाने बुलढाण्याला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, की दुसरं काही नाही, बाई फार थकलेल्या आहेत, यांची झोप झालेली नाही. गोळी दिली, आराम सांगितला. येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी बीपी खाली आलं नाही तर भरती करून घेईन, म्हणाले.

परत येताना जीपमध्ये वहिनीने माझ्या कानात विचारलं, "ताई, भरती केल्यावर तिथं डबा कोन आनते?"

"घरचे लोक आनतात."

"मंग नाई जमनार. डबा मलेच करा लागन."

दादा पुढे ड्रायव्हरजवळ बसला होता. तो सबंध रस्ताभर एक शब्द बोलला नाही, ड्रायव्हर दोन गाड्यांच्या मधून घुसला तरी बोलला नाही. दादा घाबरला होता हे मला समजलं. माझा भाऊ प्रेमळ आहे, हे मी इथे सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही. त्याचं वहिनीवर फार प्रेम आहे. पण तो घाबरला की व्यवस्था करायला लागतो.

रविवारी त्याने वहिनीच्या आरामाचं वेळापत्रक करून खाटेसमोरच्या भिंतीवर लावलं. सकाळचा आराम, जेवणाआधीचा आराम, जेवणानंतरचा मुख्य आराम. प्रत्येक आराम सुरू होण्याआधी तो खोलीत येऊन सांगायचा, "कला, तुहा दुपारचा आराम आता सुरू होऊन राह्यला." वहिनी डोळे मिटून पडलेली असली तर ऐकायला उठून बसायची, 'हाव' म्हणून होकार द्यायची आणि पुन्हा आडवी व्हायची. थोड्या वेळाने तो आराम नीट चालला आहे का ते पाहायला यायचा.

इथवर मी सहन केलं. पण त्याने चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकला. आमच्या मंडळीत कुणी आजारी पडलं की घरी जाऊन प्रार्थना करायची रीत आहे, आणि ती चांगलीच आहे. पण दादाने लिहिलं, की कलाबाईंना पूर्ण विश्रांती सांगितली आहे, तरी सर्वांनी प्रत्यक्ष येऊन त्यांच्या विश्रांतीसाठी प्रार्थना करावी. सोमवारी सकाळपासून लोक यायला लागले.

आता आपल्याकडे घरी आलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय पाठवता येत नाही. पहिला चहा दादाने केला. तो पाळकीणबाईंना दिला. त्या दादाची पाठ वळेपर्यंत थांबल्या आणि त्यांनी कप खिडकीतून मोगऱ्यावर ओतला. वहिनीने हे पाहिलं. त्यानंतर ती पाहुणे दारात दिसले की उठायची, आधण ठेवायची, चहा द्यायची, मग खाटेवर जाऊन बसायची आणि डोक्यावर पदर घेऊन स्वतःच्या विश्रांतीसाठी चाललेली प्रार्थना ऐकायची. वामनराव म्हणजे आमच्या मंडळीचे पंच. त्यांची प्रार्थना तर एवढी लांबली, की मधल्या वेळात वहिनी हळूच जाऊन दुसऱ्यांदा दूध तापवून आली आणि आमेनला हजर झाली.

मी दादाला म्हटलं, "दादा, हे काय करून राह्यला तू? तिले झोपू दे."

"मीच तं झोपवून राह्यलो," दादा म्हणाला. "लोकायले नाई कसं म्हनू? प्रार्थना कराले येऊन राह्यले ते."

"मंग चहा नको देऊ."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी धर्म सोडायला सांगते आहे.

बुधवारी मी बीपी घेत होते तेव्हा वहिनीने विचारलं, "ताई, दवाखान्यात निजू देतात का हो?" मी म्हटलं देतात. तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, "डब्याचं मंग तुमीच पाहून घेजा."

समोरच अब्दुल गनीभाईंचं गादीचं दुकान आहे. पुढे कापूस पिंजायचं यंत्र, मागे राहतं घर. त्यांच्या बायकोचं, म्हणजे सरवरीचं, आणि वहिनीचं चांगलं मेतकूट आहे. शुक्रवारी दुपारी सरवरी वहिनीला पाहायला आली, तर वहिनी ओट्याशी उभी राहून आठ जणांचा चहा गाळत होती. सरवरीने तिच्या हातातलं गाळणं काढून घेतलं, माझ्या हातात दिलं आणि वहिनीला दंडाला धरून रस्ता ओलांडून घेऊन गेली. दुकानात एका लग्नाची मोठी गादी शिवून तयार होती. वहिनी तिच्यावर टेकली ती टेकलीच. यंत्र घरघरत होतं, कापूस उडत होता, रस्त्यावरून भाजीवाला ओरडत जात होता, आणि वहिनी झोपली.

मी हे दारातून पाहिलं आणि मला फार बरं वाटलं. आलेल्या आठ जणांना मी चहा दिला आणि आजारी बाई घरात नाही, आता निघा, असं स्पष्ट सांगितलं. चूक माझी एवढीच झाली, की मी पुढच्या दारावर लक्ष ठेवलं आणि दादा बाजारातून मागच्या रस्त्याने आला.

खाट रिकामी दिसल्यावर तो घरभर फिरला. अंगणात उभा राहून त्याने स्टँडच्या आवाजात वहिनीचं पूर्ण नाव दोनदा पुकारलं. मग त्याला समोर, दुकानात, गादीच्या काठावरून लोंबणारा तिचा पदर दिसला. मी त्याच्या मागे धावले, पण तो माझ्या आधी पोचला आणि त्याने तिला खांदा हलवून उठवलं.

"कला, ऊठ. घरी चाल. तुले आरामाची गरज हाये."

वहिनी उठून बसली. केसांत कापूस होता. ती कुठे आहे हे तिला क्षणभर कळेना.

गनीभाई शांत माणूस. त्यांनी यंत्र बंद केलं आणि म्हणाले, "गुलाबभाऊ, आराम तं चालूच होता न."

"दुकानात कुठं आराम होते गनीभाई?"

गनीभाईंना हे लागलं. "मंग मी इतके वर्ष काय इकून राह्यलो इथं?"

दादा ओशाळला. तो चुकला की काहीतरी विकत घेतो. त्याने सावरीच्या कापसाची एक उशी घेतली, ती काखेत मारली आणि वहिनीला घेऊन घरी आला. मला वाटलं, चला, वहिनीला निदान उशी तरी मिळाली. पण ती उशी वहिनीसाठी नव्हती. ती त्याच्या भाषणासाठी होती.

भाषणाचं सांगायचं राहिलं. आमच्याकडे अधूनमधून पाळकसाहेब मंडळीतल्या कुणाला तरी उपासनेत बोलायला सांगतात. त्या रविवारी दादाची पाळी होती आणि विषय होता खरा विसावा. प्रभू शिष्यांबरोबर होडीतून जात असताना वादळ उठलं, लाटा आत यायला लागल्या, आणि प्रभू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपले होते, त्या गोष्टीवर बोलायचं होतं. दादा आठवडाभर तयारी करत होता. सराव तो वहिनीसमोर करायचा, तिच्या मुख्य आरामाच्या वेळेत, कारण तेव्हा ती मोकळी असायची.

दादाला त्या गोष्टीत शिष्यांचं वागणं आवडलं होतं. पाळकसाहेब घरी आले तेव्हा तो त्यांना म्हणाला, "साहेब, गाडी, म्हंजे होडी, संकटात हाये अन् मुख्य मानूसच झोपला. उठवाले पाहिजे का नाई? शिष्यायनं बरोबर डुटी केली."

पाळकसाहेब तरुण आहेत, पण त्यांना दादाची सवय झाली आहे. ते म्हणाले, "गुलाबराव, होडी कुणाच्या हातात आहे हे प्रभूला ठाऊक होतं, म्हणून त्याला झोप लागली. आपल्याला वाटतं ती आपल्या हातात आहे, म्हणून आपण सगळ्यांना उठवत सुटतो."

"ते बरोबर हाये," दादा म्हणाला. "पन डुटीवर झोपनं मले पटत नाई."

पाळकसाहेबांनी चहा घेतला. तो वहिनीने केला होता.

त्या रविवारी उपासनेनंतर मंडळीचं प्रीतिभोजनही होतं. चर्चच्या आवारात वरण, कणकेचे जाड रोडगे आणि वांग्याची भाजी. रविवारी चूल पेटवायची नाही हा दादाचा नियम, मग रोडगे कसे, असा प्रश्न मी दर वर्षी विचारते. दादाचं उत्तर ठरलेलं आहे. रोडग्याला चूल लागत नाही, गोवऱ्या लागतात. वांग्याचं पातेलं मग त्या विस्तवाजवळ आपोआप शिजतं, असं काहीतरी तो समजतो. ही भाजी दर वर्षी वहिनीच्या हातची असते आणि तिच्यासाठी धामणगाव बढ्याहूनसुद्धा पाहुणे येतात. त्या वर्षी मी वहिनीला भाजीला हात लावायची बंदी केली. दादाही कबूल झाला. वहिनीने फक्त देखरेख करायची असं ठरलं. शनिवारी संध्याकाळी देखरेख करता करता तिने सगळा मसाला भाजला, वाटला आणि वांगी चिरून मिठाच्या पाण्यात घातली.

रविवारी सकाळी मी तिचं बीपी घेतलं. आकडा पाहून मी यंत्र बंद करून पुन्हा लावलं. तोच आकडा आला.

"वाढलं का?" वहिनीने विचारलं.

मी तिच्या दंडाचा पट्टा सोडला.

"मंग उद्या भरती करतीन न?" ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर मला आशा दिसली. लग्नाला निघालेल्या बाईसारखी ती दवाखान्याची वाट पाहत होती. मला दादाचा इतका राग आला, की मी त्याच्याशी न बोलता चर्चपर्यंत चालत गेले, आणि चालताना डोळे पुसत गेले.

आमच्या चर्चमध्ये सतरंज्यांवर बसायचं असतं, एका बाजूला बाया आणि दुसऱ्या बाजूला बाप्ये. वहिनी पहिल्या ओळीत कडेच्या भिंतीला टेकून बसली, मी तिच्याशेजारी. गाणी झाली, प्रार्थना झाली. मग दादा उभा राहिला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत उशी आणि हातात माइक. माइक पाहून त्याचे डोळे चमकले. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "थोडक्यात, गुलाबराव." दादाने मान हलवली आणि सुरुवात केली.

"मंडळीनं कृपया लक्ष द्यावं. गालिलाच्या तळ्यावरून होडी सुटलेली आहे."

दादा चांगला बोलत होता, हे मला कबूल केलं पाहिजे. वादळ त्याने असं उभं केलं, की मागच्या ओळीतलं एक लेकरू रडायला लागलं. मग त्याने उशी वर धरली. "अन् या सगळ्यात प्रभू कुठं होते? उशीवर. पाहा, अशी उशी. हे सावरीची हाये, त्या काळी कोनती होती ते लिहेल नाई. हातात घेऊन पाहा. पुढं पाठवा."

उशी फिरायला लागली. बाप्यांनी ती दाबून पाहिली, एकाने वजनाचा अंदाज घेतला, वामनरावांनी वास घेतला. मग ती बायांकडे आली आणि मागून पुढे येत येत वहिनीच्या मांडीवर पोचली. वहिनीच्या पुढे कुणी नव्हतं. कुणाकडे द्यावी हे तिला कळेना. तिने ती थोडा वेळ मांडीवर धरली. मग छातीशी धरली. मग तिची मान उशीवर टेकली, उशी भिंतीवर टेकली, भिंतीवरून ती हळूहळू खाली सरकली, आणि वहिनी सतरंजीवर आडवी होऊन झोपी गेली.

दादाच्या ते लक्षात आलं नाही. तो शिष्यांपर्यंत आला होता. "अन् मंग शिष्य काय करतात? ते प्रभूजवळ जातात, अन्..." इथे तो मंडळीकडे वळला, आणि त्याला वहिनी दिसली.

ती घोरत होती. माइक नसतानाही सगळ्यांना ऐकू जात होतं. पोरं हसायला लागली. वामनरावांची बायको ओशाळून वहिनीच्या खांद्याला हात लावायला वाकली. ऐन भाषणात, पहिल्या ओळीत, कंट्रोलरसाहेबांची स्वतःची बायको. मी माझ्या भावाला ओळखते. त्याचं बोलणं कुणी मध्ये तोडलं तर तो दिवसभर जेवत नाही. आणि तो आठवडाभर याच वाक्याची तयारी करत होता, की उठवणं हेच शिष्याचं काम आहे.

दादाने हात वर केला. पंजा सरळ उघडा, सुटलेली गाडी थांबवताना करायचा तसा. वामनरावांची बायको तिथेच थांबली.

दादा वहिनीकडे पाहत राहिला. ती तोंड उघडं टाकून झोपली होती, पदर अस्ताव्यस्त, हाताला अजून हळद आणि तिखट. त्याचा चेहरा बदलत गेला. मला वाटतं, ती किती थकली आहे हे त्याला डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण दिसलं ते तेव्हा. त्याने माइकचं बटण बंद केलं. मग तो दोन पावलं पुढे आला आणि मी जन्मात कधी ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात म्हणाला,

"होडीत कोनी बोलू नका."

आणि तो खाली बसला.

पाळकसाहेब उठले. पुढे काय करावं ते त्यांनाही सुचेना, पण माणूस समजूतदार. त्यांनी खुणेनेच गाण्याचा क्रमांक दाखवला. पेटीवाल्याने भाता न ओढता नुसत्या पट्ट्या दाबल्या. ढोलकीवाल्याने हवेत बोटं हलवली. आम्ही सगळ्यांनी ओठ हलवून तीन कडवी म्हटली आणि कुणीही बेसूर झालं नाही. मंडळीच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं असावं. एका म्हाताऱ्याला खोकला आला, तो बिचारा तोंड दाबून बाहेर पळाला. आशीर्वादासाठी पाळकसाहेबांनी नुसते हात वर केले आणि आम्ही माना वाकवल्या. उठताना आमचे गुडघे वाजले, तेवढाच आवाज झाला.

बाहेर आल्यावर सगळ्यांना एकदम आठवलं, की वांग्याची भाजी करणारी बाई आत झोपली आहे.

बाया पुढे झाल्या, पण दादाने त्यांना अडवलं. "आज बाप्ये करतीन," तो म्हणाला. बाप्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सरवरी आणि गनीभाई जेवायला आले होते. सरवरीने खुर्ची मागवली, गोवऱ्यांपासून सुरक्षित अंतरावर मांडली आणि बसल्या जागेवरून हुकूम सोडायला सुरुवात केली. दादा धुराने डोळ्यांतून पाणी गाळत रोडगे परतत होता. भाजीत वामनरावांनी मीठ घातलं. वामनरावांनी घातलं हे माहीत नसल्यामुळे गनीभाईंनी घातलं. वांगी कालपासून मिठाच्या पाण्यात होती हे दोघांनाही माहीत नसल्यामुळे दादाने शेवटी चव न घेता आणखी थोडं घातलं. चूल, चहा, मीठ, यातलं काहीही माझ्या भावाला कळत नाही, ते त्या दिवशी जाहीरपणे सिद्ध झालं. मंडळी मात्र जेवली. पाणी फार लागलं.

जेवणं आटोपल्यावर मी वहिनीला पाहायला आत गेले. ती अजून तशीच झोपली होती. कुणीतरी तिच्या अंगावर शाल घातली होती, निवृत्त होताना दादाला मिळालेलीच होती ती. दादा तिच्याजवळ भिंतीला टेकून बसला होता. शेजारी झाकलेलं ताट. हातात काही नाही, तोंडात शब्द नाही. माझा भाऊ नुसता बसला आहे, हे मी पहिल्यांदा पाहत होते. मीही बसले.

ऊन दारातून सरकत आत आलं तेव्हा वहिनीने डोळे उघडले. वर छत पाहिलं, मग दादाला पाहिलं आणि घाबरून उठून बसली.

"उपासना झाली?"

"झाली."

"तुमचं भाषन?"

"राह्यलं."

"अग माय. माह्यापाई?"

दादाने तिच्या अंगावरची शाल नीट केली. मग म्हणाला, "मलेच त्यातलं काही समजलं नोयतं, कला. मी काय सांगनार होतो?" आणि त्याने ताट तिच्यापुढे सरकवलं.

मी तेवढ्यात तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला. आकडा सकाळच्यापेक्षा बराच खाली होता. एका झोपेने सगळं बरं होत नाही, हे मला नर्स म्हणून माहीत आहे. पण उद्या भरती करायची वेळ येणार नाही, एवढं कळलं. मी दादाला खूण केली. त्याने डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला, आणि ते डोळे पुन्हा उघडलेच नाहीत. बसल्या बसल्या तो कलंडला. वहिनीने एका हाताने उशी त्याच्या डोक्याखाली सरकवली आणि दुसऱ्या हाताने रोडगा मोडला.

रोडगा एका बाजूने काळा होता. भाजीचं मी आधीच सांगितलं आहे. तिने भाजीत बुडवून घास घेतला, चावला आणि थांबली.

"कशी झाली?" मी विचारलं.

"चांगली झाली."

"वहिनी, चर्चमध्ये बसल्या तुमी. खोटं बोलू नका."

"खोटं नाई हो ताई." तिने दुसरा घास घेतला. "रविवार हाये, अन् दुसऱ्याच्या हातचं गरम खाऊन राह्यली मी."

तिचे डोळे भरून आले होते, ते तिखटाने नव्हे. मला तिच्याकडे पाहवेना, म्हणून मी उठले. चर्चला कुलूप लावायची वेळ झाली होती. मी दादाला हलवायला वाकले, तर वहिनीने तोंडातला घास तसाच ठेवून हात वर केला. पंजा सरळ, उघडा.

मी परत खाली बसले आणि गप्प राहिले. ते माझ्या स्वभावात नाही.